सुरंगीची दुसरी सुक्री

सिल्वासाच्या फॅक्टरीत मी कामाला लागले त्या दिवशी गेटवरच्या रखवालदाराने वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढे शिक्षण काय लिहू म्हणून विचारलं. मी ऐटीत म्हटलं, "लिहा, बायोइन्फर्मॅटिक्स." त्याने पेन खाली ठेवलं. "बेन, पाळी सुरू व्हायची वेळ झाली, मागे लाइन लागलीय. डॉक्टर लिहू की कंप्युटर?" झालं, कंप्युटर लिहिलं गेलं. पुढची सगळी वर्षं मी त्या आवारात 'कंप्युटरवाली बेन' होते.

त्या बिचाऱ्याला तरी का नावं ठेवा? आमच्या सासूबाई अमळनेरच्या. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून विचारलं होतं, "मंग तू डाक्टर शेस का मशीनवाली शेस?" मी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, "सून बँकेत लागणार आहे."

तर आधी ते एकदा सांगून टाकते. प्रत्येक जीवाच्या पेशीत तो जीव कसा बनवायचा याची कृती लिहिलेली असते. चारच अक्षरांत, पण लांबच लांब. त्या कृतीवरून प्रथिनं बनतात आणि त्यांची अक्षरं वीस. नव्वदच्या आसपास जगभरातल्या प्रयोगशाळा ही अक्षरं वाचून काढत होत्या, आणि ढीग एवढा वाढला की माणसाच्या डोळ्यांनी त्यातलं काही शोधणं अशक्य झालं. म्हणून कंप्युटर. माणसाची कृती घोड्याच्या कृतीशेजारी ठेवायची, कुठे जुळते, कुठे नाही ते बघायचं आणि का जुळत नाही यावर डोकं खाजवायचं. एवढाच आमचा विषय. पुण्याला विद्यापीठात तेव्हा याचा वर्षाचा डिप्लोमा नुकता निघाला होता. वर्गात आम्ही अकरा जण. जीवशास्त्रवाले कंप्युटरला हात लावायला घाबरायचे आणि गणितवाले बेडकाला. माहिती परदेशातून टपालाने यायची, टेपवर. ती पोचली की आम्ही लग्नातल्या वऱ्हाडासारखे खोलीबाहेर जमायचो. चपला बाहेर काढायच्या, आत एसी, आणि तो आमच्यासाठी नव्हे, मशीनसाठी.

त्या वर्षातला एक दिवस मला अजून लख्ख आठवतो. सरांनी सगळ्यांना दोन-दोन कागद दिले. रक्तातल्या एका प्रथिनाची एकशे सेहेचाळीस अक्षरं दोन्हींवर छापलेली. म्हणाले, फरक शोधा. मी बोट ठेवून वाचायला लागले आणि सहाव्या अक्षरापाशीच बोट अडकलं. 'ई'च्या जागी 'व्ही'. बाकी शेवटपर्यंत सगळं सारखं. सर म्हणाले, या एका अक्षराने रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. माणसाला असह्य कळा येतात, सांधे सुजतात, धाप लागते. सिकलसेल. मी घरी जाऊन रात्रभर विचार करत बसले, एक अक्षर? एकच? माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरंखुरं कुतूहल. पण हा आजार असलेला माणूस तोवर मी पाहिला नव्हता आणि तो पाहायला हवा असं मला कोणी सांगितलंही नव्हतं.

डिप्लोमा झाला, लग्न झालं, आणि आमच्या इंजिनिअर साहेबांना सिल्वासाला नोकरी लागली. तेव्हा तिथे करसवलतीमुळे रोज एक नवी शेड उभी राहत होती. पुण्या-नाशिकचे साहेब, खानदेशातले कामगार, मालक मुंबईचे. एका कंपनीत कापडगिरण्यांना लागणारी एन्झाइमं बनवायचे. मी अर्ज केला. आमचे मॅनेजर कुलकर्णी साहेब पुण्याचे. मुलाखतीत मी एन्झाइमच्या अक्षरांची तुलना वगैरे उत्साहाने सांगितली. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "याने माल किती वाढेल?" मी म्हटलं, सांगता येत नाही. "मग बॅचच्या नोंदी कंप्युटरवर घ्या. फावल्या वेळात तुलना करा, माझी काही हरकत नाही."

फावल्या वेळात काय काय आलं माझ्याकडे! कॉलनीतल्या बायका मुलींच्या पत्रिका घेऊन आल्या. कंप्युटर जुळवतो ना, मग छत्तीस गुण जुळवायला त्याला काय झालं? अथालचा एक शेतकरी तर 'बायो' ऐकून टोपलीत कोंबडी घेऊन आला. मान टाकलेली, पंख पसरलेले. मी म्हटलं, "काका, मला कोंबडीतलं काही कळत नाही." तो म्हणाला, "तू बघ तरी." बघितलं. कोंबडीनेही माझ्याकडे बघितलं. शेवटी जनावरांच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. आठ दिवसांनी तो सहा अंडी ठेवून गेला, म्हणजे औषध माझंच लागू पडलं म्हणायचं.

आणि सुक्री आली. सुक्री पॅकिंगमध्ये होती आणि सकाळी कंप्युटरची खोली झाडायलाही तिची पाळी असायची. खानवेलजवळच्या सुरंगी गावची वारली मुलगी, आश्रमशाळेत सातवी झालेली. तिच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तू इथं दिवसभर काय करतंस?" मला रागच आला. मॅडम नाही, बेन नाही, सरळ तू? पण प्रश्न असे विचारायची की राग टिकायचा नाही. पडद्यावर अक्षरांच्या ओळी दिसल्या की झाडू हातात धरून उभी. "हे कोणाचं आहे?" मी म्हटलं, एका जंतूचं. "आणि माणसाचं?" माणसाचंही असंच. "मग माझं?" तुझं अजून कोणी वाचलेलं नाही. "तुझं?" माझंही नाही. "हात्तिच्या," म्हणाली, "मग जंतूचं आधी कशाला वाचलं?"

आमच्या फॅक्टरीत आठवड्यातून एकदा डॉक्टर मेहता यायचे. साठीचे, सुरतेकडचे, मराठी बोलायचे पण वाक्याचा शेवट गुजरातीत करायचे. एकदा त्यांनी माझ्या टेबलावर तीन जाडजूड रजिस्टरं आपटली. रविवारी रविवारी स्वतःच्या जीपने खानवेल, सुरंगी आणि आजूबाजूच्या पाड्यांवर जाऊन त्यांनी लोकांचं रक्त तपासलं होतं. कशासाठी? तर सिकलसेलसाठी! मी खुर्चीतून उठलेच. माझं सहावं अक्षर इथे होतं, खानवेलच्या बसमध्ये, पॅकिंगच्या लाइनमध्ये, आणि मी त्याच्याशेजारी बसून बॅचच्या नोंदी घेत होते. "कळा आल्या की ठेकेदार म्हणतो कामचोर," डॉक्टर म्हणाले. "आळशी नथी, बीमार छे. हे सगळं कंप्युटरमध्ये घाला. प्रत्येकाला त्याचं कार्ड छापून द्यायचं आहे."

कार्डाचा हिशेब सोपा होता. आई आणि बाप, दोघांकडून आपल्याला त्या कृतीची एकेक प्रत मिळते. दोन्ही प्रती चांगल्या तर पांढरं कार्ड. एक चुकलेली तर अर्धं पिवळं. अशा माणसाला स्वतःला काही त्रास नसतो, पण तो ती चूक पुढे देऊ शकतो. दोन्ही चुकलेल्या तर पूर्ण पिवळं, म्हणजे आजार. डॉक्टरांची एकच विनवणी असायची. अर्ध्या पिवळ्याने लग्न ठरवण्याआधी समोरच्याचं कार्ड बघावं.

मी दोन महिने जेवणाच्या सुट्टीत बसून सहाशेच्या वर नावं भरली. आणि मग माझ्यातली डिप्लोमावाली जागी झाली. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की मोठ्या माहितीत सगळ्यात आधी दुबार नोंदी काढून टाका. दोन प्रयोगशाळा एकच गोष्ट वेगवेगळ्या क्रमांकाने पाठवतात. एक ठेवा, दुसरी उडवा, नाहीतर पुढचं सगळं गणित चुकतं. बघते तर रजिस्टरात दुबार नोंदीच नोंदी! नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, फक्त नमुन्याचा क्रमांक वेगळा. मला वाटलं, माणसं दोन-दोनदा रांगेत उभी राहिली. वय थोडं वेगळं होतं, पण वय काय, अंदाजेच लिहिलेलं. मी छोटासा प्रोग्राम लिहिला: नाव, बाप, गाव सारखं असेल तर पहिली नोंद ठेव, बाकीच्या काढ. एक्केचाळीस नोंदी उडाल्या. यादी कशी देखणी झाली! मी स्वतःच्या पैशांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

कार्डं वाटली त्याच आठवड्यात सुक्री चपला बाहेर काढून आत आली, पण आज हातात झाडू नव्हता. खानवेलचा बुध्या म्हणून एक मुलगा लाकडाच्या वखारीत काम करायचा. दोघांचं जुळलं होतं. त्याचं कार्ड अर्धं पिवळं निघालं होतं आणि डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं होतं. "माझं कार्ड आलं, पांढरं आहे," ती म्हणाली. "पण कागदावर माझा भरोसा नाय. तू तुझ्या पेटीत बघ." मी नाव टाइप केलं. सुक्री, बाप लाडक्या, गाव सुरंगी. स्वच्छ. "अगदी नक्की?" मी हसून म्हटलं, "अगं, कंप्युटर चुकत नाही." ती दारातल्या चपला घालायला विसरली आणि तशीच अनवाणी पॅकिंगकडे पळाली.

उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. मी गेले होते. खूप नाचले, दुसऱ्या दिवशी पाय उचलेना.

भाताची लावणी आटोपली होती त्या सुमाराला डॉक्टर मेहता एका सकाळी आले आणि खुर्चीवर न बसताच बोलायला लागले. "तुमच्या कंप्युटरने माझी एक बाई खाल्ली. सुरंगीला गेलो होतो. एक बाई म्हणते, माझं कार्ड कुठे? नाव सुक्री लाडक्या."

मी म्हटलं, "तिला दिलंय की. आपल्या पॅकिंगमधली सुक्री."

"ही दुसरी. विहिरीपलीकडच्या पाड्यातली. बाप पण दुसरा लाडक्या."

"दोन सुक्री लाडक्या? एकाच गावात?"

"बेन, ही वाराची नावं. शुक्रवारी जन्मली ती सुक्री, बुधवारी झाला तो बुध्या, मंगळवारी मंगळ्या. वार सातच. एका गावात पाच सुक्री असतात. तुम्ही किती नावं काढली?"

एक्केचाळीस. प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणारी मी, रोज जिला हाक मारत होते तिच्या नावाला 'का' कधी विचारलं नव्हतं. मूळ रजिस्टर काढलं. पहिली सुक्री, विहिरीपलीकडची: स्वच्छ. तीच नोंद मी ठेवली होती. त्यानंतर दोन पानांनी दुसरा क्रमांक, पॅकिंगमधली सुक्री. शेरा: अर्धं. आमची सुक्री तेव्हा पाचव्या महिन्यात होती.

डॉक्टर म्हणाले, मी सांगतो. मी म्हटलं, नाही, चूक माझी आहे. मी धीट म्हणून नव्हे हो, मला वाटलं दुसऱ्याने सांगितलं तर ती परत माझ्याशी बोलणारच नाही. जेवणाच्या सुट्टीत तिला कॅन्टीनमागे चिंचेखाली घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. कुठलं बटण दाबलं, का दाबलं, कोणती सुक्री राहिली आणि कोणती उडाली. ती म्हणाली, "आता पोराचं काय ते सांग."

मी खालचे चिंचोके गोळा केले. दोन तिच्या हातात, दोन माझ्या. प्रत्येकीचा एक तसाच काळा, एक सोलून पांढरा केलेला; पांढरा म्हणजे चुकलेली प्रत. "मी बुध्या. डोळे मीट आणि तुझ्यातला एक दे, मी माझ्यातला एक देते." पोराला मिळाले ते दोन बघितले. दोन्ही काळे. परत केलं. एक काळा, एक पांढरा. आठ वेळा केलं, त्यात दोनदा दोन्ही पांढरे आले आणि तिने हात मागे घेतला.

"म्हणजे चारात एक वाईट."

"हो."

"पण हे पोर तर एकच आहे. त्याला चार कुठले?"

"चार पोरांत एक असं नाही गं. प्रत्येक पोराच्या वेळी नव्याने मूठ उघडायची."

मी रडत होते, ती नव्हती. मी म्हटलं, "सुक्री, तुला आधी कळलं असतं तर..."

"तर मी बुध्यालाच केला असता," ती फटकन म्हणाली. "मला तोच आवडतो. पण तो इचार माझा होता ना? तू तो मला करूच दिला नाय." आणि उठून कामावर गेली. त्या दिवसापासून खोली झाडायला दुसरीच कोणी येऊ लागली.

माझे पुढचे कित्येक रविवार डॉक्टरांच्या जीपमध्ये गेले. उडवलेली एक्केचाळीस माणसं एकेक करून शोधून काढली. सुदैवाने बहुतेकांच्या दोन्ही नोंदी सारख्याच, पांढऱ्या. पण काहींच्या हातात भलत्याचं कार्ड होतं. एका म्हाताऱ्याने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मी आहे?" मी म्हटलं, आहात बाबा. "मग बरं झालं." आता प्रत्येक नावापुढे मी आईचं नाव, पाडा, घराजवळची खूण, जे मिळेल ते लिहून घेत होते. कोणी नावाचा वार सांगायचं, कोणी नावामागची गोष्ट. दोन महिन्यांत टेबलाशी बसून मला जे कळलं नव्हतं ते एकेका ओट्यावर पाच मिनिटांत कळत होतं.

हल्ली पोरं पत्र लिहून विचारतात, या विषयात करिअर काय? आमच्या वर्गातल्या अकरांपैकी दोघं औषधकंपन्यांत गेले, तिथे रेणू जुळवत बसतात. एकजण अमेरिकेत, एकजण प्राध्यापक. तिघं सरळ सॉफ्टवेअरमध्ये गेले. शतक बदलताना कंप्युटरची तारीख बदलून देण्यात त्यांनी बंगले बांधले. एकाची झेरॉक्सची दोन दुकानं आहेत आणि तोच सगळ्यात सुखी दिसतो. मी माझ्यापुरतं एवढंच सांगते की नोकरी कुठलीही धरा, पडद्यावरचा नमुना ज्या अंगातून आला ते अंग एकदा तरी बघून या. मी उशिरा बघितलं आणि त्याची किंमत मी नाही, दुसरीनेच मोजली असती.

सुक्रीला मुलगी झाली, गुरुवारी. नाव मात्र तिने वाराचं ठेवलं नाही, अश्विनी ठेवलं. निरोप पाठवला: "बेनला सांगा, तिच्या पेटीला ओळखू यावं म्हणून." निरोप सांगणारी हसली. मलाही हसावं लागलं.

जन्मतः बाळाचं रक्त तपासून नीट कळत नाही, काही महिने थांबावं लागतं. ते महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आजार असला तर बाळाची बोटं सुजतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी महिन्यातून दोनदा काही ना काही निमित्त काढून सुरंगीला जायची. खानवेलपर्यंत बस, पुढे मिळेल ते. सुक्री माझ्याशी धड बोलायची नाही, पण मी ओट्यावर बसले की पोरीला माझ्या मांडीवर ठेवायची. मी एकेक बोट दाबून बघायची. आत चूल फुंकता फुंकता ती माझ्याकडे बघत असायची, हे माझ्या पाठीलाही कळायचं.

शेवटी डॉक्टरांनी पोरीचं रक्त घेऊन सुरतला त्यांच्या मित्राच्या प्रयोगशाळेत पाठवलं. निकाल आला त्या दिवशी कुलकर्णी साहेबांनी मला काही न विचारता सुट्टी दिली आणि डॉक्टरांनी जीप. सुरंगीला पोचले तेव्हा सुक्री शेताच्या बांधावर नाचणीची कणसं खुडत होती, पोर पाठीला बांधलेलं. मला धीरच धरवेना. लांबूनच ओरडले, "अर्धं आहे गं! अर्धंच! तिला काही होणार नाही!"

सुक्रीने हातातली कणसं खाली ठेवली आणि ती बांधावर बसली. मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडले. "सुटले गं बाई, सुटले."

तिने मला रडू दिलं. मग पोरीला पाठीवरून सोडून मांडीवर घेतलं, पदराने तिचं नाक पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सुटलीस, बेन. मला अजून दोन पोरं हवीत."